साठ दिवसांची गुळणी

१४ ऑगस्ट २०२३, सोमवार

आज शिवाजीनगर कोर्टात नवं प्रकरण गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच पुढे होऊन घेतलं. अल्लाबक्ष मणेर, वय एकसष्ट, लिफ्ट दुरुस्त करणारे. राहणार विश्रांतवाडी, मूळचे मंडईमागचे. परवा खराडीतल्या एका सोसायटीत लिफ्ट सहाव्या मजल्यावरून सुटली आणि तळाला आदळली. आत एक निवृत्त बँक अधिकारी होते, ते जागीच गेले. लिफ्टची देखभाल यांच्याकडे, म्हणून पोलिसांनी यांना उचललं. ब्रेक झिजलाय, बदला, असं यांनी सोसायटीला तीन वेळा लेखी दिलं होतं. सोसायटीनं तिन्ही वेळा "पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ" म्हटलं. मीटिंग झाली, त्यात पार्किंगवरून भांडणं झाली.

कलम लावलंय ३०४ भाग दोन. म्हणजे नुसता निष्काळजीपणा नव्हे, माणूस मरू शकतो हे ठाऊक असून केलेलं कृत्य. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. निष्काळजीपणाचं कलम लावलं असतं तर जामीन होऊन आज घरी जेवले असते. चार दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

मुलगी आली होती, रझिया. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, आयटीत नोकरी. रडत नव्हती. "मॅडम, नेक्स्ट स्टेप काय?" म्हणाली. मी म्हटलं, "नेक्स्ट स्टेप म्हणजे घरी जा आणि आईला दोन घास खायला घाल." जरा तोडूनच बोलले. पण वकिलाच्या पायरीवर उभं राहून नेक्स्ट स्टेप विचारणारी माणसं मला पहिल्यापासून झेपत नाहीत.

१९ ऑगस्ट, शनिवार

पोलीस कोठडी संपली, अल्लाबक्षभाई येरवड्याला गेले. आता माझं खरं काम सुरू, आणि ते म्हणजे गप्प बसणं.

इथे तरी मोकळेपणानं लिहिते, कारण बाकी कुठे बोलायची सोय नाही. आरोपी कोठडीत असताना पोलिसांनी ठरावीक मुदतीत तपास संपवून दोषारोपपत्र कोर्टात द्यावं लागतं. दिलं नाही तर आरोपीला जामीन मिळतो. गुन्हा कितीही गंभीर असो. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. ज्या गुन्ह्यांना फाशी, जन्मठेप किंवा कमीत कमी दहा वर्षं शिक्षा, तिथे मुदत नव्वद दिवसांची. बाकी सगळीकडे साठ.

गंमत अशी की आमच्या कलमात "दहा वर्षांपर्यंत" आहे. पर्यंत म्हणजे जास्तीत जास्त. पुष्कळ पोलीस अधिकारी दहाचा आकडा बघतात आणि नव्वद धरून निवांत बसतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ सालीच दोन विरुद्ध एक अशा मतांनी सांगून टाकलंय की किमान शिक्षा दहा वर्षं नसेल तर मुदत साठच. आणि या मार्चमध्ये तीन न्यायाधीशांनी दुसराही घोळ मिटवला. कोठडीचा पहिला दिवससुद्धा मोजायचा. म्हणजे आमचा पहिला दिवस १४ ऑगस्ट, साठावा १२ ऑक्टोबर. तेरा तारखेला सकाळी कोर्ट उघडताच अर्ज टाकला की संध्याकाळपर्यंत म्हातारा घरी.

मेख एकच. अर्ज दोषारोपपत्राच्या आधी पडला पाहिजे. ते आधी आलं तर हक्क संपला, मग नेहमीसारखं जामिनासाठी झगडत बसा. म्हणून माझे सीनियर आप्पासाहेब आम्हा ज्युनियरांना सांगायचे, साठ दिवस वकिलानं तोंडात मिठाची गुळणी धरायची. पोलिसांना तारखेची आठवण येईल असं काही करायचं नाही, काही बोलायचं नाही. नातेवाइकांजवळ तर नाहीच नाही. ते शेजाऱ्याला सांगतात, शेजारी मेव्हण्याला, आणि मेव्हणा हमखास हवालदार निघतो.

एकतीस वर्षांत मी एकही तारीख चुकवलेली नाही.

११ सप्टेंबर, सोमवार

सेशन्स कोर्टानं जामीन नाकारला. मला धक्का बसला नाही. अल्लाबक्षभाईंच्या घरच्यांना पुढची पायरी हायकोर्टाची वाटणार, पण मी हायकोर्टात जाणार नाहीये. तिथे गेलं की सरकारी वकील कागद मागवणार, कागद मागवले की कुणीतरी तारखा बघणार. झोपलेल्याला कशाला उठवा!

हे रझियाला कसं सांगणार? म्हटलं, "थोडं थांबू." ती म्हणाली, "किती थांबायचं, मॅडम? काही टाइमलाइन?" मी म्हटलं, "कोर्टाला टाइमलाइन नसते." धडधडीत खोटं. कायद्यात याहून नेमकी टाइमलाइन दुसरी कुठलीही नसेल.

तिची आई रशीदाबी शेजारी बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, ते कधी एक रात्र बाहेर राहिले नाहीत हो." मी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

२० सप्टेंबर, बुधवार

गणपती बसले. निम्मं पोलीस खातं बंदोबस्ताला. आपले तपास अधिकारी, पोलीस निरीक्षक हिंदुराव, अलका चौकात शिट्टी तोंडात धरून उभे दिसले. मला बघून हात केला. मीही केला. इतकं प्रेम मला त्यांच्याबद्दल कधी वाटलं नव्हतं. दहा दिवस हा माणूस कागदाला हात लावणार नाही!

संध्याकाळी घरी आरतीची गडबड, प्रसादाचं भांडं एका हातात, आणि रझियाचा फोन. "मॅडम, चार्जशीट आल्याशिवाय केस पुढे जातच नाही ना?" म्हटलं, "नाही जात." "मग सगळं त्या चार्जशीटवरच अडलंय." म्हटलं, "तसं म्हण हवं तर." मग म्हणाली, "मीपण माझ्या बाजूनं पुश करते, चालेल ना?" इकडे माझा नवरा माधव घंटा वाजवायला लागला होता. मी म्हटलं, "कर, कर, चांगलं आहे." दुवा, नवस, काय असेल ते. पोरीला तेवढाच आधार.

२७ सप्टेंबर, बुधवार. दिवस पंचेचाळीसावा.

आप्पासाहेबांचा फोन. वकिली सोडून ते आता पाक्षिक चालवतात, आणि त्यात नवे फौजदारी निकाल सोप्या मराठीत समजावून सांगायचं सदर माझं. वाचक चारशे, त्यातले निम्मे हयात आहेत की नाही याची खात्री खुद्द संपादकांना नाही. "साठ की नव्वद" हा लेख त्यांना ऑक्टोबरच्या पहिल्या अंकात हवा होता. मी म्हटलं, "लेख तयार आहे, पण तेरा तारखेच्या आत छापायचा नाही." आप्पासाहेब चौऱ्याऐंशी वर्षांचे असले तरी एका क्षणात ओळखलं. "कोण आहे आत?" हसले आणि म्हणाले, "ठीक आहे, पंधराच्या अंकात घेतो."

जेवताना माधवला सांगितलं. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस, त्याच्या पोटात काहीही राहतं. तो म्हणाला, "त्या मुलीला सांग की."

"कुणाच्याच घरच्यांना सांगत नाही मी."

"गेल्या वर्षी श्रीनिवास आत होता तेव्हा त्याच्या बायकोला, उल्काला सांगितलं होतंस. इथेच बसून दोघी बोटांवर दिवस मोजायचात."

"ते वेगळं होतं. उल्का समजूतदार आहे. आपल्यातली आहे." आपल्यातली म्हणजे आपल्या गल्लीतली. माधवनं नुसती ताकाची वाटी पुढे सरकवली. हा असा गप्प बसला की मला उगाच चिडायला होतं.

४ ऑक्टोबर, बुधवार. दिवस बावन्नावा.

येरवड्याला जाऊन आले. अल्लाबक्षभाई वाळलेत. दाढी पांढरी झाली आहे. तक्रार नाही. तुरुंगातल्या एका पंख्याचा आवाज येतो, बेअरिंग गेलंय, पाना दिला तर दहा मिनिटांत करून देईन, म्हणाले. त्यांना कोण पाना देणार! मी म्हटलं, "सगळं ठीक चाललंय." ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मला ठाऊक आहे, मॅडम." काय ठाऊक आहे ते मी विचारलं नाही.

रझिया ऑफिसात दोनदा येऊन गेली. आता तिला माझा राग येतोय हे दिसतं. हायकोर्टात का जात नाही, दुसरा वकील बघू का, असं तोंडावर म्हणाली नाही, पण तिच्या मामानं फोनवर म्हटलं. ऐकून घेतलं. अजून नऊ दिवस. तेरा तारखेला वडील दारात उभे राहिले की हीच मुलगी पाया पडायला येईल. तेव्हा मी काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलंय. लाज वाटते लिहायला, पण ठरवलंय.

९ ऑक्टोबर, सोमवार. दिवस सत्तावन्नावा.

अर्ज टाइप करून तयार. दीड पानाचा. इतका छोटा अर्ज आणि इतका हक्काचा, आयुष्यात चार-पाचदाच हातून गेला असेल.

कोर्टात हिंदुराव भेटले. नेहमी तासभर गप्पा मारणारा माणूस, आज घाईत. "वरून मागं लागलेत मॅडम, काय सांगू!" कशाबद्दल ते बोलले नाहीत. बंदोबस्तानंतर यांची कामं तुंबलेली असतात, असेल काहीतरी.

११ ऑक्टोबर, बुधवार

झोप नाही. माधव म्हणतो रक्तदाबाची गोळी घे. घेतली. उद्याचा एक दिवस तेवढा जाऊ दे, देवा. मी देवाला हाक मारतेय!

१२ ऑक्टोबर, गुरुवार. साठावा.

दुपारी तीनला कोर्टाच्या कार्यालयात जाऊन नोंदवही पाहिली. काही नाही. चारला पाहिली. काही नाही. तिथला कारकून म्हणाला, "मॅडम, कुणाची वाट बघताय का?" म्हटलं, "नाही हो, पंखा बरा आहे तुमचा."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना हिंदुराव जिना चढून आले. मागे शिपाई, त्याच्या काखेत लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा. मला दुरूनच कळलं. तरीही मनाला वाटत होतं की दुसऱ्या कुणाचं असेल, दुसऱ्या कुणाचं असेल. कारकुनानं फडकं सोडलं. वर नाव होतं अल्लाबक्ष मणेर.

मी म्हटलं, "त्या ब्रेकचा लॅबचा अहवाल तर अजून आला नसेल ना?" आवाज माझा मलाच ओळखू येईना.

"नाही आला. पुरवणी देऊ नंतर." हिंदुरावांनी घाम पुसला. "खरं सांगू का मॅडम, मी नव्वद धरून बसलो होतो. दिवाळीपर्यंत वेळ आहे म्हणत होतो. पण तुमच्या आरोपीची पोरगी लई चिवट! चार्जशीट कधी, चार्जशीट कधी, एक दिवसाआड मेल. मला, मोठ्या साहेबांना, त्यांच्या वरच्यांना. शेवटी वरून कागद मागवले. तिथल्या कागद तपासणाऱ्या रीडरनं बघितलं, म्हणाला अहो, हे साठचं आहे, बाराला संपतंय. दोन दिवस घरी नाही गेलो." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्हीच सांगितलं असंल की तिला लिहायला?"

मी नाही म्हटलं. म्हणजे मान हलवली फक्त. तो वाईट माणूस नाही. त्याच्या चेहऱ्यावर मला क्षणभर कीव दिसली, ती मात्र सहन झाली नाही. अर्ज पर्समध्येच होता. कोर्टाबाहेर येऊन रिक्षात बसले तेव्हा रिक्षावाल्यानं दोनदा कुठे जायचं विचारलं.

पुश करते, म्हणाली होती. आणि मी म्हटलं होतं, कर, कर.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दहाला रझिया ऑफिसात आली, हातात बर्फीचा पुडा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसत होती. "मॅडम, झालं! आली चार्जशीट! ठाण्यातून फोन आला काल." फोन काढून मला दाखवायला लागली. पहिला मेल २३ सप्टेंबरचा. एकूण नऊ. विषय, तारीख, गुन्ह्याचा क्रमांक, "कृपया प्रलंबित दोषारोपपत्र तातडीने दाखल करावे", सगळं नीटनेटकं. "आमच्या ऑफिसात असंच करावं लागतं, मॅडम. तीन दिवसांत रिप्लाय नाही तर वरच्याकडे एस्कलेट. नाहीतर कुणी बघतच नाही. आता केस पुढे जाईल ना?"

मी म्हटलं, "जाईल."

बर्फीचा तुकडा तोंडात टाकला. तिनं आणखी एक दिला, तोही खाल्ला. काय म्हणायला हवं होतं मी? तू आज तुझ्या बापाला आत ठेवलंस? छे. आणि असं म्हटलं तरी ते खरं नव्हतंच. मी ठेवलं. एक वाक्य बोलले असते, रझिया, कुणाला काही लिहू नकोस, बारा तारखेपर्यंत थांब, तर आत्ता ही बर्फी त्यांच्या हातची खात असते. ती गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. मला वाटतं, शेजारच्या ऑफिसात ऐकू गेलं असेल.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

येरवडा. वाटेत वाक्यं जुळवत होते, एकही उपयोगी पडलं नाही. अल्लाबक्षभाईच म्हणाले, "चुकलं ना, मॅडम?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"आत सगळ्यांना माहीत असतं. शाळेची पायरी न चढलेला पोरगासुद्धा इथं बोटावर मोजून सांगतो, कुणाचे साठ, कुणाचे नव्वद. मला तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. वर म्हणाले, चाचा, बाहेर कुणाशी बोलू नका. म्हणून रझियाला बोललो नाही." ते हाताच्या रेषा बघत होते. "तेराला सकाळी अंघोळ करून, कपडे बांधून बसलो होतो. बाराला कागद दिला, हे दुपारी कळलं."

मी सगळं सांगून टाकलं. मेल, नऊ मेल, माझं कर-कर. ऐकताना त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "तिला सांगू नका. ती मला सोडवायला धावत होती. तिला कळलं तर पोरगी जन्मभर स्वतःला खाईल."

"मग काय सांगू?"

"सांगा, वकील तारीख विसरले." आणि एवढ्यातही हसले ते.

एकतीस वर्षांत एकही तारीख चुकवली नाही म्हणून मिरवणाऱ्या बाईला हे सांगितलं गेलं. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. सांगेन, विसरले म्हणून.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

सांगायची वेळच आली नाही.

दुपारी रझिया आली आणि खुर्चीवर न बसता पाक्षिकाचा अंक माझ्या टेबलावर ठेवला. पंधरा तारखेचा. "साठ की नव्वद." मी त्या लेखाला साफ विसरले होते. आप्पासाहेबांनी शब्द पाळला होता, तेराच्या आत छापला नव्हता.

"तुमचे सगळे लेख वाचते मी," ती म्हणाली. "आईला पण वाचून दाखवते. खूप सोप्पं लिहिता तुम्ही. हा तर एका वाचनात कळला." मग अंकावर बोट ठेवून म्हणाली, "अब्बांचे साठ दिवस बारा तारखेला झाले. मी सातला दोन मेल केले, मॅडम. नऊला एक."

मी म्हटलं, "रझिया, चूक माझी आहे."

"मी विचारलं होतं तुम्हाला. टाइमलाइन आहे का, विचारलं होतं. पुश करू का, विचारलं होतं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "चारशे लोकांना समजावून सांगितलंत. मला एकटीला का नाही?"

"आमच्यात पद्धत आहे. घरच्यांना सांगत नाहीत."

"कुणाच्याच?"

मी हो म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. पण माधवची ती ताकाची वाटी डोळ्यांपुढे आली आणि म्हटलं, "एकीला सांगितलं होतं. गेल्या वर्षी."

"मग ती कोण होती?"

काय सांगणार? माझ्या गल्लीतली होती. माझ्याकडे हळदीकुंकवाला येणारी होती. तिच्याबद्दल मला एकदाही वाटलं नाही की ही कुठेतरी बोलून बसेल. हिच्याबद्दल मात्र पहिल्याच दिवशी वाटलं, आणि का वाटलं हे मी स्वतःला एकदाही विचारलं नाही. मी गप्प राहिले. ते तिला पुरलं. अंक तिथेच टाकून गेली.

वडिलांचा निरोप तिला दिलाच नाही. "वकील विसरले" हे खोटं आता कुणाच्या उपयोगाचं?

२५ ऑक्टोबर, बुधवार

दोषारोपपत्र वाचतेय, तीनशे बारा पानं. अल्लाबक्षभाईंची तिन्ही पत्रं त्यात आहेत, सोसायटीच्या शिक्क्यासकट. "मिळाले" अशी सही. बळकट मुद्दा आहे. जामिनाचा नवा अर्ज सेशन्समध्ये घातला, तारीख २४ नोव्हेंबर. माझ्या हातात मुद्दे चांगले आहेत, पण हे मागणं आहे. तो हक्क होता.

रझियाला तीन फोन केले. उचलत नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

येरवड्याला गेले. अल्लाबक्षभाई येताच म्हणाले, "रझिया दोनदा मुलाखतीला आली नाही. रशीदा एकटीच येते. म्हणते, पोरगी खोलीचं दार लावून बसते, ऑफिसला जात नाही. तुम्ही सांगितलंत?"

"मी लिहिलं होतं. तिनं वाचलं."

त्यांनी जाळीला हात लावला. मला वाटलं आता हा माणूस बोलेल मला. बोलावं, असंच वाटत होतं. पण ते वेगळंच बोलायला लागले.

"चौतीस वर्षं लिफ्टचं काम केलं मी. बंद पडली, आत माणूस अडकला, असा फोन आला की नवा मेकॅनिक काय करतो ठाऊक आहे? धावत वर मशीनरूममध्ये जातो, कामाला लागतो. हुशार असतो ना. आतल्याला वाटतं, बाहेर कुणीच नाही. मग तो सगळी बटणं दाबतो. दार ओढतो. लाथा मारतो. आणि सरकलेलं दार आणखी अडकतं. मी पोरांना शिकवायचो, आधी पान्याला हात लावायचा नाही. आधी दाराशी जायचं. मोठ्यानं सांगायचं, मी आलोय, माझं नाव अमुक, एवढी मिनिटं लागतील, कशाला हात लावू नका. मग वर जायचं. आतल्या माणसाची त्यात काय चूक, मॅडम? त्याला कुणी सांगितलंच नाही."

मी त्यांना अडवलं नाही.

"ती अजून आतच आहे," ते म्हणाले. "तुम्ही जा तिच्याकडे."

५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी विश्रांतवाडीला गेले. माधव येतो म्हणाला, नको म्हटलं. रशीदाबींनी दार उघडलं, पाणी दिलं, एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. त्यांनी बोटानं आतलं दार दाखवलं. बंद होतं.

मी बाहेरूनच हाक मारली. उत्तर नाही. खुर्ची ओढून दाराशी बसले आणि बोलायला लागले, कोर्टातसुद्धा इतकं मोठ्यानं बोलत नाही मी. म्हटलं, रझिया, मी आलेय. तुझ्या वडिलांची तारीख चोवीस नोव्हेंबर आहे, सेशन्स कोर्टात. आपल्या बाजूनं त्यांची तीन पत्रं आहेत. विरुद्ध बाजूनं, शेवटचं पत्र दिल्यावर त्यांनी लिफ्ट बंद का ठेवली नाही, हा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न वाईट आहे. लॅबचा अहवाल अजून आलेला नाही. तो आपल्या विरुद्ध आला तर काय, आपल्या बाजूनं आला तर काय, तेही सांगितलं. हायकोर्टात का गेले नाही, ते सांगितलं. तुला न सांगण्याचं कारण कायद्यात नव्हतं, माझ्या मनात होतं, हेही सांगितलं. त्याची मला लाज वाटते असं म्हटलं. रशीदाबी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

पाऊण तास झाला असेल. घसा कोरडा पडला. उठावं की बसावं, कळेना.

मग आतून, दाराच्या अगदी जवळून, तिचा आवाज आला. "आणि चोवीसलाही जामीन नाही मिळाला तर?"

हा प्रश्न पक्षकार विचारतात तेव्हा आम्ही वकील "बघू" म्हणतो. एकतीस वर्षं मी तेच म्हणत आले. आज तिला तेही सगळं सांगितलं.